फायर रिस्क असेसरचं काम: पाहणी, अहवाल आणि प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा

फायर रिस्क असेसर म्हणजे इमारतीतल्या आगीच्या जोखमीचं मूल्यांकन करून लेखी अहवाल देणारा तज्ज्ञ. इमारत एका दिवसात पाहून होते. त्या दिवसाच्या अहवालावरची सही मात्र वर्षानुवर्षं तुमच्या नावावर राहते. आग पाच वर्षांनी लागली तरी सगळ्यात आधी तो अहवाल बाहेर काढला जातो आणि त्यात काय लिहिलं होतं, काय लिहायचं राहिलं होतं, हे ओळ न ओळ तपासलं जातं. म्हणून पाहणी, अहवाल आणि विमा (सल्ल्यातल्या चुकीबद्दल येणाऱ्या दाव्यांसाठीचा) ही तीन वेगळी कामं धरू नयेत. जे पाहता आलं नाही ते अहवालात स्पष्ट लिहिलेलं असेल तर अहवाल टिकतो. विमा कंपनीला जे काम सांगितलं तेच प्रत्यक्षात केलं असेल तर पॉलिसी टिकते.

खाली दिलेली मोजमापं मुख्यतः इंग्लंडच्या मार्गदर्शक नियमांतली आहेत. इतर देशांचे कोड काही ठिकाणी कडक आहेत, काही ठिकाणी सैल. जिथे काम कराल तिथला कोड उघडून आकडा ताडून पाहा आणि अहवालात कोडचं नाव व आवृत्तीचं वर्ष लिहा. आवृत्ती लिहिलेली नसली की पुढच्या काळातल्या नियमाने तुमचं आजचं काम मोजलं जातं.

काम स्वीकारण्याआधी

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: ही इमारत माझ्या आवाक्यातली आहे का? एकमजली दुकान, छोटं ऑफिस, गोदाम यांचं मूल्यांकन तुलनेने सरळ असतं. जिथे माणसं झोपतात, म्हणजे हॉटेल, वसतिगृह, उंच निवासी इमारत, तिथे जोखीम एकदम चढते, कारण झोपेतून जागं होऊन बाहेर पडायला वेळ लागतो. रुग्णालय आणि वृद्धाश्रम त्याहून अवघड. तिथे माणसं स्वतःहून चालत बाहेर पडू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना त्याच मजल्यावर शेजारच्या सुरक्षित कप्प्यात हलवण्याची योजना तपासावी लागते. अग्निशमन दलातून आलेल्या माणसाला आग कळते, इलेक्ट्रिकल इंजिनिअरला वायरिंग कळतं. असेसरला या दोन्हींबरोबर बांधकाम, अलार्मची रचना, माणसांचं वागणं आणि कायदा एवढं सगळं लागतं. एखादा कोर्स पूर्ण करून थेट रुग्णालयाचं काम घेऊ नये. आधी अनुभवी असेसरच्या हाताखाली त्या प्रकारच्या इमारती पाहाव्यात आणि त्यांची लेखी नोंद ठेवावी. पुढे विमा कंपनी हीच नोंद मागते.

दुसरी गोष्ट कामाची व्याप्ती. निवासी इमारतींसाठी इंग्लंडमध्ये चार प्रकार रूढ आहेत. पहिल्यात फक्त सामाईक भाग पाहायचे, काहीही न फोडता. दुसऱ्यात सामाईक भागच, पण भिंत किंवा छत निवडक ठिकाणी उघडून. तिसऱ्यात सामाईक भागांबरोबर काही फ्लॅटही, न फोडता. चौथ्यात दोन्ही, उघडून. बहुतेक लोक पहिल्या प्रकारचे पैसे देतात आणि चौथ्या प्रकारची खात्री मिळाली असं समजतात. सगळे वाद इथूनच सुरू होतात. म्हणून करारातच लिहा: कोणते भाग पाहणार, कोणते नाही, काही उघडणार की नाही, बाहेरच्या भिंतीचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बसवलेलं आवरण, यात येतं की नाही, अहवाल कोणासाठी आहे आणि तुमची कमाल आर्थिक जबाबदारी किती. ही मर्यादा तुमच्या विम्याच्या रकमेपेक्षा कमी ठेवा आणि ती स्थानिक कायद्यात टिकते का ते वकिलाकडून एकदा तपासून घ्या. इमारत विकत घेणारा किंवा तारण ठेवून कर्ज देणारा तुमच्या अहवालावर विसंबणार असेल तर ते आधी कळलं पाहिजे. एखाद्या मित्राने ‘जरा बघून सांग’ म्हटलं तरी तोंडी सल्ला देऊ नये. फी घेतली नाही म्हणून जबाबदारी आपोआप संपत नाही.

पाहणीच्या आठवडाभर आधी कागदपत्रं मागा: मजल्यांचे नकाशे, मागचं मूल्यांकन, अलार्म आणि इमर्जन्सी लाइटच्या चाचण्यांची वही, वायरिंगचा तपासणी अहवाल, अग्निशामक सिलिंडरचं सर्व्हिसिंग, कर्मचारी प्रशिक्षण आणि ड्रिलच्या नोंदी, मदतीशिवाय जिना उतरू न शकणाऱ्या लोकांच्या वैयक्तिक योजना. जे मिळालं नाही त्यापुढे ‘अमुक तारखेला मागितलं, मिळालं नाही’ असं लिहा. ‘उपलब्ध नाही’ एवढंच लिहिलं तर मागितलं की नाही हेच कळत नाही.

पाहणी

सोबत घ्यायचं सामान थोडं आहे: चांगली टॉर्च, मेजरिंग टेप किंवा लेझर मीटर, दाराच्या फटी मोजायचा गेज, लांब दांड्याचा आरसा, घडीची शिडी, कॅमेरा आणि सर्व चाव्या घेऊन सोबत फिरणारा इमारतीचा माणूस. चावी नाही म्हणून जी खोली राहिली ती त्याच वेळी वहीत उतरवा. इलेक्ट्रिक रूम आणि भाडेकरूंचे स्टोअर हमखास राहतात, आणि आगीला लागणारं बरंच साहित्य नेमकं तिथेच असतं.

सुरुवात बाहेरून करा. बंब कुठपर्यंत येतो, हायड्रंट (बंबाला पाणी देणारा नळ) झाकला गेलाय का, कचऱ्याचे डबे भिंतीला टेकून आहेत का, बाहेर पडल्यावर लोक मोकळ्या जागेत पोहोचतात की बंदिस्त अंगणात अडकतात. मग बाहेरची भिंत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. एका फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरातली आग बाहेर पडून पॉलिइथिलीनचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियमच्या पॅनेलवरून वर चढली. पॅनेल आतून कसलं आहे हे नुसतं पाहून कळत नाही. त्यामुळे साहित्याचा दाखला हाती नसेल तर ‘भिंतीच्या साहित्याबद्दल मत दिलेलं नाही, तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक’ असंच लिहायचं. रंग आणि चमक बघून अंदाज लिहू नका.

त्यानंतर गच्चीपासून तळघरापर्यंत खाली या. वरून खाली येताना तुम्ही पळणाऱ्या माणसाच्या दिशेनेच चालता, त्यामुळे अडथळे आपोआप दिसतात.

आग लागण्याची कारणं शोधताना नेहमीच्या गोष्टींवर जास्त वेळ द्या: एकात एक खुपसलेले एक्स्टेन्शन बोर्ड, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट डक्टमध्ये साचलेलं तेल, वेल्डिंगसाठी परवाना पद्धत नसणं, गरम पाइपजवळ रचलेले खोके. जिन्याखाली चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक सायकली आणि स्कूटर आता जवळपास सगळीकडे दिसतात. लिथियम बॅटरीचा एक सेल बिघडून तापला की शेजारचे सेल साखळीने पेटतात आणि थोड्याच वेळात विषारी धुराने जिना भरतो. जिना हा बाहेर पडायचा एकमेव रस्ता असेल तर तिथे चार्जिंग ताबडतोब बंद करायला सांगावं. यासाठी मुदत देऊ नये.

बाहेर पडण्याचे मार्ग नकाशावर नको, पायाने आणि टेपने मोजा. इंग्लंडच्या नियमात सर्वसाधारण ऑफिससाठी एकाच दिशेने जाता येत असेल तर १८ मीटर आणि एकापेक्षा जास्त दिशा असतील तर ४५ मीटर हे कमाल अंतर आहे. टेबलं-कपाटांना वळसा घालून प्रत्यक्ष चालावं लागतं ते अंतर धरायचं. दाराची मोकळी रुंदी ७५० मिलिमीटर असेल तर ६० माणसं, ८५० असेल तर ११०, आणि १०५० असेल तर २२०. क्षमता काढताना सर्वात मोठं दार आगीमुळे बंद झालं असं गृहीत धरून उरलेल्या दारांची बेरीज घ्या. नवीन असेसरची चूक सहसा इथेच होते: सगळी दारं मोजून बेरीज बरोबर आली म्हणून पुढे जातात. खोलीत माणसं किती मावतील हे क्षेत्रफळावरून काढतात: ऑफिसात माणशी ६ चौरस मीटर, दुकानात २, उपाहारगृहात १. मग दार स्वतः उघडून पाहा. बाहेर जाण्याच्या दारांना किल्ली लागता कामा नये. ‘किल्ली शेजारी टांगलेली असते’ हे उत्तर चालत नाही, कारण धुरात ती दिसत नाही.

फायर डोअरवर, म्हणजे आग आणि धूर अडवणाऱ्या दारांवर, घाई करू नका. सर्वात जास्त दोष इथे सापडतात आणि ते दुरुस्त करणंही शक्य असतं. क्रम असा ठेवा. दार वेगवेगळ्या कोनातून सोडा: पूर्ण उघडून, निम्म्यावरून, आणि जेमतेम फटीएवढं. तिन्ही वेळा ते स्वतः बंद होऊन लॅच बसलं पाहिजे. फटीएवढ्या अंतरावरून सोडलेलं दार अनेकदा लॅचवर अडून राहतं. क्लोजर (दार आपोआप बंद करणारं यंत्र) ढिला झाला आहे किंवा लॅच घासतो आहे हे यातूनच कळतं. वरच्या आणि बाजूच्या फटी साधारण ३ मिलिमीटर, २ ते ४ च्या दरम्यान असाव्यात. बिजागऱ्या तीन असाव्यात, स्क्रू पूर्ण भरलेले, बिजागरीतून तेल किंवा काळी पूड गळत नसलेल्या. काळी पूड म्हणजे बिजागरी झिजली, दार लवकरच खाली बसणार. चौकटीत किंवा दाराच्या कडेला फुगणारी पट्टी आहे का पाहा. उष्णतेने ती फुगून फट बंद करते. तिच्यावर रंगाचे जाड थर असतील किंवा धूर अडवणारा ब्रश तुटलेला असेल तर तसं नोंदवा. शेवटी दारावर नंतर केलेली छिद्रं शोधा: नवं कुलूप, पत्रपेटी, केबल. लाकडी पाचर लावून उघडं ठेवलेलं दार दिसलं तर पाचर काढून पुढे जाऊ नका. ते उघडं का ठेवावं लागतं ते विचारा. ट्रॉली सतत न्यायची असेल तर अलार्म वाजताच सोडणारं मॅग्नेट बसवायची शिफारस करा. नाहीतर तुमची पाठ वळताच पाचर परत लागते.

आग-रोधक भिंतींची खरी अवस्था फॉल्स सीलिंगच्या वर दिसते. दर मजल्यावर निदान दोन-तीन टाइल्स उचला: जिन्याच्या भिंतीजवळ, इलेक्ट्रिक शाफ्टजवळ, कॉरिडॉरमधल्या फायर डोअरच्या वर. दाराच्या वरची भिंत खऱ्या छतापर्यंत जातच नाही, असं अनेकदा निघतं. म्हणजे धूर दाराला वळसा घालून वरून जातो. नवीन इंटरनेट केबल टाकणारे लोक भिंतीला भोक पाडून निघून जातात. भोकात भरलेला गुलाबी फोम दिसला की काम झालं असं धरू नये. तसा फोम ठराविक रुंदीच्या सरळ सांध्यांसाठी तपासलेला असतो, केबलच्या जुडग्यासाठी किंवा प्लास्टिक पाइपसाठी बहुधा नाही. प्लास्टिक पाइप आगीत वितळतो आणि तिथे मोठं भोक उरतं, म्हणून त्याला फुगणारी कॉलर लागते. किती टाइल्स उचलल्या, कुठे उचलल्या, याची नोंद फोटोसह ठेवा. ती नोंद म्हणजे तुमच्या तपासणीची हद्द.

अलार्म आणि दिवे त्या मानाने लवकर होतात. पॅनेलवर बिघाडाचा दिवा लागलेला किंवा एखादा झोन बंद केलेला आहे का, दर आठवड्याला वेगळ्या कॉल पॉइंटवरून (अलार्म वाजवायचं भिंतीवरचं बटण) चाचणी होते का, हूटर सर्वसाधारण जागेत ६५ डेसिबल आणि झोपायच्या खोलीत उशीजवळ ७५ डेसिबल पोहोचतो का. डेसिबल तुम्ही स्वतः मोजलेले नसतील तर अलार्म कंपनीच्या दाखल्यावर विसंबल्याचं लिहा. इमर्जन्सी लाइट महिन्यातून एकदा थोडा वेळ आणि वर्षातून एकदा पूर्ण वेळ, सहसा ३ तास, चालवून पाहिलेले असावेत. बाहेर पडण्याच्या मार्गाच्या मध्यरेषेवर किमान १ लक्स उजेड लागतो. स्प्रिंकलर असतील तर त्यांच्या खाली अर्धा मीटर मोकळं आहे का आणि त्यांच्यावर रंग बसलेला नाही ना, एवढं नक्की पाहा.

आणि लोकांशी बोला. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला विचारा की अलार्म वाजला तर तो पहिल्यांदा काय करतो. ‘आधी अलार्म बंद करतो, मग बघून येतो’ हे उत्तर मिळालं, तर कपाटातली सुंदर आपत्कालीन योजना कोणी वाचलेली नाही हे समजा.

अहवाल

‘इमारत सुरक्षित आहे’ हे वाक्य कधीही लिहू नका. लिहायचं ते असं: कोणत्या तारखेला, कोणत्या भागात, कोणत्या पद्धतीने पाहिलं आणि काय आढळलं. आग लागण्याची शक्यता आणि लागल्यास माणसांना होणारी हानी या दोन्हींचा विचार करून जोखमीची पातळी ठरवा आणि ती का ठरवली हे दोन वाक्यांत सांगा. नुसत्या रंगीत तक्त्यातल्या चौकटीचा बचाव करता येत नाही.

प्रत्येक शिफारशीत जागा, दोष, परिणाम, उपाय आणि मुदत हवी. ‘फायर डोअर दुरुस्त करा’ हे निरुपयोगी. ‘दुसरा मजला, पूर्व जिन्याचं दार: निम्म्यावरून सोडल्यास बंद होत नाही, धूर जिन्यात शिरेल, क्लोजर बदलून तिन्ही कोनांतून चाचणी घ्या, ७ दिवसांत’ हे उपयोगी. शंभर शिफारशी एकाच पातळीवर दिल्या की मालक त्यातल्या सोप्या आधी करतो, म्हणजे पाट्या लावतो आणि भिंतीतली भोकं तशीच राहतात. जिवाला तातडीचा धोका दिसला, उदाहरणार्थ साखळीने बंद केलेलं बाहेरचं दार किंवा बंद पडलेला अलार्म, तर अहवालाची वाट न पाहता तिथेच सांगा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. मालकाने काहीच केलं नाही तर स्थानिक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणेला कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे का, हे आधीच माहीत असू द्या.

अहवालाचा साचा वापरायला हरकत नाही, पण मागच्या इमारतीचं वाक्य पुढच्या अहवालात राहून गेलं की सगळ्या अहवालाची विश्वासार्हता जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत लिफ्टचा उल्लेख सापडला, तर समोरच्या वकिलाला आणखी काही शोधावं लागत नाही. दुसऱ्या असेसरकडून वाचून घेतल्याशिवाय अहवाल पाठवू नका. हाताने लिहिलेल्या नोंदी, सगळे फोटो आणि ईमेल दाव्याची कायदेशीर मुदत संपेपर्यंत जपा.

विमा

प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणजे तुमच्या व्यावसायिक सल्ल्यातल्या चुकीमुळे कोणाचं नुकसान झालं तर त्या दाव्याची भरपाई आणि बचावाचा खर्च. पाहणी करताना तुमच्या शिडीमुळे कोणी जखमी झालं किंवा स्प्रिंकलर तुटून पाणी सांडलं, तर ते यात येत नाही. त्याला पब्लिक लायबिलिटी, म्हणजे इतरांना झालेली इजा किंवा मालमत्तेचं नुकसान भरून देणारा विमा, लागते. नोकरीवर माणसं असतील तर त्यांचा विमा वेगळा, आणि अनेक देशांत तो सक्तीचा असतो.

सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट: ही पॉलिसी बहुतेक ‘क्लेम्स मेड’ तत्त्वावर चालते. काम केलं त्या वर्षीची पॉलिसी नव्हे, तर दावा आला त्या वर्षी चालू असलेली पॉलिसी पैसे देते. समजा २०२२ मध्ये अहवाल दिला, २०२४ मध्ये पॉलिसी सोडली आणि २०२५ मध्ये दावा आला. त्या तीन वर्षांचे हप्ते भरूनही हातात काही नाही. यालाच जोडून ‘रिट्रोॲक्टिव्ह डेट’ येते. त्या तारखेआधीच्या कामाला संरक्षण नसतं. स्वस्त हप्त्यासाठी कंपनी बदलताना नवी कंपनी ही तारीख गुपचूप आजची टाकू शकते, आणि तुमची जुनी सगळी कामं एका फटक्यात उघडी पडतात. नवी पॉलिसी हाती आल्यावर पहिल्यांदा हीच तारीख वाचा.

ग्रेनफेलनंतर अनेक विमा कंपन्यांनी अग्निसुरक्षेशी संबंधित दावे पॉलिसीतून वगळले किंवा त्यांच्यावर मर्यादा घातल्या. असेसरने असं वगळणं असलेली पॉलिसी घेणं म्हणजे मूळ कामच विम्याबाहेर ठेवणं. साध्या सल्लागाराच्या ऑनलाइन पॉलिसीत हे कलम पान उलटल्यावर सापडतं. त्यामुळे या क्षेत्रात काम करणाऱ्या ब्रोकरमार्फतच जा आणि त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या: फायर रिस्क असेसमेंट समाविष्ट आहे का? क्लॅडिंग वगळलं आहे का? ठराविक उंचीवरच्या इमारतींना अट आहे का?

रक्कम निवडताना ‘प्रत्येक दाव्याला’ आणि ‘वर्षभरात एकूण’ यातला फरक पाहा. अग्निसुरक्षेसाठी बहुधा एकूण मर्यादा मिळते आणि बचावाचा खर्चही त्यातूनच वजा होतो. मोठ्या दाव्यात वकील आणि तज्ज्ञांवरच बरीच रक्कम जाते, मग भरपाईला थोडंच उरतं. प्रत्येक दाव्यात तुम्ही स्वतः भरायची रक्कम जितकी मोठी तितका हप्ता कमी. पण ती रक्कम उद्या भरावी लागली तर खात्यात आहे का, एवढाच हिशेब करा.

प्रपोजल फॉर्म (विमा कंपनीला द्यायचा अर्ज) भरायला नूतनीकरणाच्या दोन महिने आधी बसा. मागच्या काही वर्षांची उलाढाल कामाच्या प्रकारानुसार तोडून द्यावी लागते: किती टक्के ऑफिस, किती निवासी, किती रुग्णालयं, किती उंच इमारती, किती प्रशिक्षण. सोबत पात्रतेचे दाखले, नमुन्याचा एक अहवाल, कराराचा मसुदा, अहवाल कोण तपासतं याची पद्धत, आणि बाहेरच्या असेसरना काम देत असाल तर त्यांच्या विम्याचे पुरावे. उंच इमारतींचं काम ‘फार थोडं’ म्हणून लपवू नका. माहिती दडवली हे दाव्याच्या वेळी उघड झालं तर कंपनी भरपाई नाकारू किंवा कापू शकते. वर्षाच्या मध्ये नवीन प्रकारचं काम घेणार असाल तर सही करण्याआधी ब्रोकरला कळवा.

कराराची भाषा इथे परत आडवी येते. ‘इमारत सर्व नियमांना अनुरूप असल्याची हमी’ किंवा ‘उद्देशासाठी योग्य असल्याची खात्री’ अशी वाक्यं मोठे ग्राहक करारात घालतात. पॉलिसी साधारणपणे वाजवी काळजी आणि कौशल्य न वापरल्याची जबाबदारी घेते. त्यापलीकडे तुम्ही स्वतःहून दिलेली हमी ती घेत नाही. अशी वाक्यं खोडून ‘वाजवी कौशल्य आणि काळजीने काम केलं जाईल’ एवढंच ठेवा. फौजदारी शिक्षाही विम्यात येत नाही. इंग्लंडमध्ये २०११ साली अपुऱ्या मूल्यांकनासाठी हॉटेलमालकाबरोबर असेसरलाही आठ महिन्यांची कैद झाली होती.

दावा अजून आलेला नाही, पण येऊ शकतो असं दिसलं तरी कंपनीला लगेच कळवायचं असतं. तुम्ही पाहिलेल्या इमारतीत आग लागली, ग्राहकाने अहवालात अमुक राहिलं म्हणून तक्रार केली, फी अडवून धरली, किंवा नंतरच्या असेसरला तुमच्याकडून सुटलेला गंभीर दोष सापडला: ही सगळी कळवण्याची कारणं आहेत. कळवलेली परिस्थिती त्या वर्षीच्या पॉलिसीत नोंदवली जाते आणि पुढे दावा झाला तरी तीच पॉलिसी लागू होते. न कळवता नूतनीकरण केलं तर जुनी पॉलिसी संपलेली आणि नवी म्हणते की हे तुम्हाला आधीच माहीत होतं. दरम्यान ग्राहकाला ‘चूक झाली, आम्ही भरपाई करू’ असं लिहू नका. कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य केली तर संरक्षण जाऊ शकतं. पत्र मिळाल्याची पोच द्या, मूळ फाइलला हात लावू नका, नोंदी नंतर ‘नीट’ करू नका आणि ब्रोकरला फोन करून त्याच दिवशी ईमेल पाठवा.

व्यवसाय बंद करताना किंवा नोकरीत जाताना रन-ऑफ संरक्षण घ्यावं लागतं. ते नवीन कामाला लागू नसतं, फक्त जुन्या कामावर येणाऱ्या दाव्यांना. इंग्लंडमध्ये सहा वर्षं ही नेहमीची मुदत आहे, कारण साध्या कराराच्या दाव्याला तेवढा काळ मिळतो. डीड (साक्षीदारासमोर केलेला औपचारिक दस्त) म्हणून सही केलेल्या कराराला मात्र बारा वर्षं लागतात. म्हणून शेवटचं काम संपण्याच्या आधीच आपल्या सगळ्या करारांवर कोणत्या स्वरूपात सही केली आहे ते तपासा आणि त्यातल्या सर्वात लांब मुदतीनुसार रन-ऑफचा खर्च ब्रोकरकडून काढून घ्या.